उघडे यंत्र आणि संगणकाची स्मृती

कापडगिरणीत यंत्राच्या उघड्या पट्ट्यात कामगाराचा हात सापडला की मालकांचे उत्तर ठरलेले असे : कामगार निष्काळजी होता. कामगार चळवळीने हे उत्तर कधीच मान्य केले नाही. माणूस थकतो, रात्रपाळीत त्याचे डोळे मिटू लागतात, हजार वेळा बरोबर पडलेला हात एके वेळी चुकतो. ही माणसाची प्रकृतीच होय. म्हणून सुरक्षिततेचा भार कामगाराच्या सावधपणावर न टाकता यंत्राच्या रचनेवर टाकला पाहिजे, फिरत्या भागांना कुंपण घातले पाहिजे, असा आग्रह चळवळीने धरला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमाने धोक्याच्या यंत्रभागांना भक्कम कुंपण घालण्याचे बंधन घातले, ते याच तत्त्वानुसार.

आज बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील तपासणी आणि शिधावाटप दुकानातील अंगठ्याचा ठसा हे सारे व्यवहार ज्या यंत्रावर चालतात, त्या संगणकाला मात्र हे तत्त्व अजून पुरतेपणी लागू झालेले नाही. संगणकात घुसखोरी झाली, माहिती चोरीस गेली, की पुष्कळदा एकच खुलासा कानी येतो : प्रोग्रॅमरकडून चूक झाली. ही चूक कोणत्या जातीची असते? २०१९ साली मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी जाहीर केले की, त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या गैरवापराचे असतात. २०२० साली गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधील गंभीर सुरक्षादोषांबाबत जवळजवळ हाच आकडा दिला. कंपन्या वेगळ्या, प्रोग्रॅमर वेगळे, आज्ञावल्या वेगळ्या. दोषाचे प्रमाण मात्र तेच. जी चूक सर्व ठिकाणी, कुशल माणसांकडूनही, वर्षानुवर्षे सारख्याच प्रमाणात होत राहते, तिचा ठपका एकेका व्यक्तीवर ठेवून भागत नाही. तिचे मूळ यंत्रात शोधले पाहिजे. आणि तसे शोधू गेल्यास ते प्रोसेसरच्या आज्ञासंचापर्यंत जाऊन पोहोचते.

बांध नसलेली शेते

प्रोसेसर हा संगणकाचा प्रत्यक्ष काम करणारा भाग. त्याला मोजक्याच क्रिया येतात : दोन संख्यांची बेरीज करणे, त्यांची तुलना करणे, स्मृतीतून संख्या उचलणे, स्मृतीत ती ठेवणे, आणि आज्ञावलीतील एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी घेणे. या क्रियांची यादी व प्रत्येक क्रियेचा काटेकोर अर्थ म्हणजे आज्ञासंच. चिप बनवणारे आणि आज्ञावल्या लिहिणारे यांच्यामधला तो एक करारच असतो. एकदा झालेला हा करार सहसा मोडता येत नाही, कारण साऱ्या आज्ञावल्या त्याच्याच भरवशावर रचलेल्या असतात. इंटेलने १९७८ साली बाजारात आणलेल्या ८०८६ या प्रोसेसरसाठी ठरवलेल्या आज्ञांचा वारसा आजही कचेऱ्यांमधील बहुतेक संगणकांत चालत आलेला आहे, तो यामुळेच.

स्मृती म्हणजे क्रमांक दिलेल्या खणांची एक अफाट रांग. खणाचा पत्ता म्हणजे निव्वळ एक संख्या. प्रचलित आज्ञासंचांतील ‘उचल’ ही आज्ञा एवढेच सांगते : अमुक क्रमांकाच्या खणात जे असेल ते घेऊन ये. ती संख्या कोठून आली, ती योग्य हिशेबातून निघाली की कोणी बाहेरून घुसडली, त्या जागेचा मूळ विस्तार किती होता, हे प्रश्न यंत्र विचारीतच नाही. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात : पूर्वेस कोणाची जमीन, पश्चिमेस कोणाची, उत्तरेस ओढा की रस्ता. संगणकाच्या पत्त्याला चतुःसीमा नाहीत. जमिनीच्या एका टोकावर बोट ठेवून तो ‘येथून पुढे’ एवढेच म्हणतो. ‘कोठवर’ हे प्रोग्रॅमरने लक्षात ठेवावयाचे.

संरक्षण मुळीच नाही असे मात्र नाही. प्रोसेसर स्मृतीची पृष्ठे पाडतो. एक पृष्ठ बहुधा ४,०९६ बाइटांचे असते. कोणते पृष्ठ कोणत्या आज्ञावलीचे, हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवून देते, आणि एका आज्ञावलीने दुसरीच्या पृष्ठाला हात घातला तर प्रोसेसर तिला तेथेच अडवतो. परंतु एकाच आज्ञावलीच्या पोटात पासवर्ड, छायाचित्र, हिशेब आणि नुकतीच बाहेरून आलेली फाइल हे सारे शेजारी शेजारी नांदत असतात, आणि त्यांच्यामध्ये कोणतीच आडकाठी नसते. गावाची शीव राखली जाते. शेतांना मात्र बांध नाहीत. बाहेरून आलेल्या एखाद्या फाइलने एका शेताची कड ओलांडली की सारे शिवार तिला मोकळे.

१९८८ चा धडा

या उणिवेचे परिणाम आधी कोणाला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ साली तयार केलेल्या अहवालात ही क्लृप्ती वर्णिलेली आहे : मजकुराची नक्कल करताना आज्ञावली जर जागेची मर्यादा तपासत नसेल, तर मर्यादेबाहेर मजकूर लोटून यंत्राचा ताबा घेता येतो. सोळा वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने जाळ्यात सोडलेल्या स्वयंप्रसारी आज्ञावलीने, ज्याला ‘मॉरिस वर्म’ म्हणतात, त्याचा प्रत्यय आणून दिला. त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे सहा हजार संगणक तिच्या कचाट्यात सापडले.

तिच्या अनेक मार्गांपैकी एक मार्ग येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. व्हॅक्स जातीच्या संगणकांवर वापरकर्त्यांची माहिती देणारी एक सेवा चाले. बाहेरून येणारी विचारणा साठवण्यासाठी तिने ५१२ बाइटांची जागा राखली होती. मॉरिसच्या आज्ञावलीने ५३६ बाइट पाठवले. उरलेले २४ बाइट गेले कोठे? व्हॅक्सच्या आज्ञासंचात उपआज्ञावलीला हाक मारणारी आज्ञा अशी रचलेली होती की, काम संपल्यावर कोठे परतावयाचे तो पत्ता ती स्मृतीच्या त्याच भागात लिहून ठेवी, जेथे उपआज्ञावलीचा तात्पुरता मजकूरही राहत असे. उतू गेलेला मजकूर त्या परतीच्या पत्त्यावर पडला. मराठीत ज्याला ‘ध चा मा’ करणे म्हणतात, तोच हा प्रकार : हुकूम पाळणारे शिपाई प्रामाणिक, हुकूमनामा खरा, फक्त त्यातले अक्षर फिरलेले. प्रोसेसर इमानाने परत निघाला तो पाठवणाऱ्याने त्याच मजकुरात दडवलेल्या आज्ञांकडे, आणि त्या त्याने बिनतक्रार पाळल्या. कारण साठवलेला मजकूर आणि पाळावयाची आज्ञा यांत भेद करण्यास त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

या घटनेतील आणखी एक तपशील बोलका आहे. सन कंपनीच्या संगणकांवर हाच मारा केला असता ती सेवा नुसती बंद पडे. ताबा मात्र मिळत नसे. घुसडलेल्या आज्ञा व्हॅक्सच्या होत्या, सनच्या यंत्राला त्या लागू नव्हत्या. शस्त्र आज्ञासंचाच्या मापाने घडवावे लागते. म्हणजेच आज्ञासंचाची घडण हाही संरक्षणाचाच प्रश्न ठरतो.

यातून धडा कोणता घेतला गेला? मर्यादा न पाहता ओळ वाचणारे सी भाषेतील जे ‘गेट्स’ नावाचे तयार साधन या सेवेत वापरले होते, ते वापरू नका, असा उपदेश प्रोग्रॅमरांना करण्यात आला. ते साधन भाषेच्या प्रमाण व्याख्येतून वगळले गेले २०११ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी. आणि यंत्राने स्वतः मर्यादा तपासावी, ही मागणी तर प्रमुख आज्ञासंचांच्या दारातच उभी राहिली.

दुसरा मार्ग उपलब्ध होता

यावर असे म्हटले जाते की, यंत्र असेच असते. प्रत्येक पत्ता तपासत बसले तर काम कसे चालणार? इतिहास याला दुजोरा देत नाही. १९६१ साली अमेरिकेतील बरोज कंपनीने जाहीर केलेल्या बी ५००० या संगणकात स्मृतीच्या प्रत्येक तुकड्यासाठी एक वर्णक असे. तुकडा कोठून सुरू होतो आणि त्याची लांबी किती, हे त्यात नमूद केलेले असे, आणि लांबीबाहेरचा खण मागितला तर यंत्र स्वतःच नकार देई. पुढील बी ६५०० मालिकेत ४८ बिटांच्या प्रत्येक शब्दाला आणखी तीन बिटांची खूण जोडली गेली. हा शब्द म्हणजे साधी संख्या, आज्ञा की वर्णक, हे त्या खुणेवरून यंत्राला कळे. बरोजचे नाव मुंबईला अपरिचित नाही. १९७० च्या दशकात टाटा उद्योगसमूहाने तिच्याशी भागीदारी करून तेथे संगणक व्यवसाय उभा केला होता.

बरोजचा प्रयोग एकाकी नव्हता. ब्रिटनमध्ये प्लेसी कंपनीने टेलिफोन केंद्रांसाठी बनवलेला ‘सिस्टिम २५०’ आणि केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स व रॉजर नीडहॅम यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात उभारलेला ‘कॅप’ संगणक हे याच विचाराचे. येथे पत्त्याची जागा अधिकारपत्राने घेतली होती : ज्याच्या हाती ज्या जागेचे अधिकारपत्र, त्यालाच त्या जागेचा, आणि तेवढ्याच जागेचा, उपयोग. आयबीएमने १९७८ साली जाहीर केलेला ‘सिस्टिम ३८’ हा व्यापारी कामाचा संगणकही याच मार्गाने गेला. सोव्हिएत संघात लेबेदेव संस्थेमध्ये व्सेवोलोद बुर्त्सेव आणि बोरिस बाबायान यांनी रचलेल्या ‘एल्ब्रुस’ महासंगणकात प्रत्येक शब्दासोबत त्याचा प्रकार सांगणारी खूण होती.

तथापि, येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदली पाहिजे. त्याच सोव्हिएत संघाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस सर्वसाधारण वापराच्या संगणकांसाठी आयबीएमच्या ‘३६०’ मालिकेचा आज्ञासंच उचलण्याचा निर्णय घेतला होता. तयार आज्ञावल्या वापरता याव्यात, हा त्यामागील हेतू. खाजगी नफ्याचा दबाव नसतानाही जुन्या आज्ञावल्यांचे ओझे यंत्राची दिशा ठरवू शकते, हे यावरून दिसते. मालकी बदलली म्हणजे तांत्रिक निवड आपोआप शहाणपणाची होते, असे समजण्याचे कारण नाही. ती निवड समजून-उमजून करावी लागते.

बाजारपेठेतील निवड कशी झाली, याचे नमुनेदार उदाहरण इंटेलचे. १९७० च्या दशकाच्या मध्यास या कंपनीने अधिकारपत्रांवर आधारलेल्या ‘४३२’ या महत्त्वाकांक्षी प्रोसेसरचे काम हाती घेतले. ते लांबू लागले, तेव्हा मधल्या काळाची सोय म्हणून ८०८६ घाईने तयार करण्यात आला. १९८१ साली आयबीएमने आपल्या वैयक्तिक संगणकासाठी त्याचाच धाकटा भाऊ ८०८८ निवडला. त्याच वर्षी ४३२ बाजारात आला तो अतिशय मंद गतीचा निघाला आणि काही वर्षांत अस्तंगत झाला. तात्पुरती सोय जगाची वहिवाट बनली. ४३२ मंद होता हे खरेच. परंतु त्या मंदपणात रचनेच्या इतर चुकांचाही मोठा वाटा होता. उद्योगाने मात्र सोयीस्कर निष्कर्ष काढला : अधिकारपत्रे म्हणजे मंदगती.

कुंपण होते, ते काढले गेले

यापुढचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. १९८२ च्या ८०२८६ मध्ये स्मृतीच्या प्रत्येक विभागाला मर्यादा नेमून देण्याची सोय होती. सारणीतील क्रमांक मर्यादेत आहे की नाही हे एका झटक्यात तपासणारी ‘बाउंड’ नावाची आज्ञाही त्या पिढीच्या आज्ञासंचात होती. पण १९८५ च्या ८०३८६ नंतर ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्त्यांनी साऱ्या विभागांची मर्यादा संपूर्ण स्मृतीएवढी ठेवून ती सोय निरर्थक करून टाकली, आणि ‘बाउंड’ आज्ञा क्वचितच वापरात आली. २००३ साली एएमडी कंपनीने या आज्ञासंचाची ६४ बिटांची आवृत्ती बाजारात आणली, तेव्हा नव्या पद्धतीत विभागांच्या मर्यादांची तपासणी उरली नाही आणि ‘बाउंड’ आज्ञाही वगळली गेली. वापरात नसलेले कुंपण भंगारात निघाले.

त्याच आवृत्तीने एक चांगली गोष्टही दिली : या पृष्ठावरील मजकूर आज्ञा म्हणून पाळू नये, असे प्रत्येक पृष्ठावर नोंदवण्याची सोय. १९८८ मधील युक्ती त्यामुळे सरळपणे चालेनाशी झाली. परंतु २००७ साली होवाव शाकम या संशोधकाने दाखवून दिले की, हल्लेखोराला स्वतःच्या आज्ञा आणण्याची गरजच नाही. आज्ञावलीत आधीच असलेल्या आज्ञांची शेपटे परतीच्या पत्त्यांच्या साखळीत ओवून तो हवे ते काम करून घेऊ शकतो. येथेही आज्ञासंचाची घडण त्याच्या मदतीस येते. इंटेल घराण्याच्या आज्ञांची लांबी एका बाइटापासून पंधरा बाइटांपर्यंत काहीही असते, आणि कोठूनही वाचावयास सुरुवात केली तरी यंत्र हरकत घेत नाही. शब्द न तोडता लिहिलेला मोडी कागद भलत्याच अक्षरापासून वाचावयास घेतला तर भलतेच शब्द दिसू लागावेत, तशा कोणी कधीही न लिहिलेल्या आज्ञा त्या मजकुरातून प्रकट होतात.

२०१५ साली इंटेलने ‘एमपीएक्स’ या नावाने मर्यादा तपासणाऱ्या नव्या आज्ञा आणल्या. पण पत्ता एकीकडे आणि त्याच्या चतुःसीमा दूरच्या वेगळ्या तक्त्यात, अशी तिची रचना होती. प्रत्येक वेळी तक्ता धुंडाळण्यात वेळ जाई, आणि एकाच वेळी अनेक कामे चालली असता दोहोंचा मेळ चुके. २०१९ मध्ये जीसीसी या मुक्त भाषांतरकाने आणि २०२० मध्ये लिनक्सने तिला निरोप दिला. यातून निघणारा बोध स्पष्ट आहे : चतुःसीमा खरेदीखतातच हव्यात, दुसऱ्या गावच्या दप्तरात ठेवून चालत नाही.

किंमत कोण मोजतो?

मर्यादा न तपासल्यामुळे वाचलेला खर्च चिप आणि आज्ञावली विकणाऱ्यांच्या पदरात पडतो. त्या न तपासण्याची किंमत मात्र ज्यांचा या निर्णयाशी काडीचा संबंध नव्हता असे लोक मोजतात. मे २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या दूरध्वनी-सोयीतील एक दोष उघड झाला. तो अगदी १९८८ च्या जातीचा होता : राखलेल्या जागेबाहेर मजकूर उतू जाणे. नुसता फोन लावून, समोरच्याने तो उचललाही नाही तरी, त्याच्या यंत्रात इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे ‘पेगासस’ हे हेरगिरीचे साधन उतरवता येत असे. सुमारे १,४०० जण लक्ष्य झाले, आणि त्यांत भारतातील वकील, पत्रकार, दलित व आदिवासींमध्ये काम करणारे कार्यकर्ते होते, हे ऑक्टोबर २०१९ मध्ये देशाला कळले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपच्या दाव्यात एनएसओला जबाबदार ठरवले.

२०२१ साली उजेडात आलेला ‘फोर्स्ड एंट्री’ नावाचा मारा याहून विलक्षण होता. आयफोनवर संदेशातून आलेली फाइल उघडणाऱ्या आज्ञावलीत जागेचा हिशेब चुकत होता. त्या एका फटीतून हल्लेखोरांनी जुन्या पद्धतीच्या चित्र-संकोचनातील साध्या तर्कक्रिया वापरून फोनच्या स्मृतीत जणू एक छोटा संगणकच उभा केला. वापरकर्त्याने एकही कळ दाबावी लागत नव्हती. अशा वेळी ‘अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका’ या उपदेशाला काय अर्थ उरतो?

उपाय म्हणून कंपन्या दुरुस्त्या पाठवतात. पण स्वस्त फोनांना त्या थोडीच वर्षे मिळतात. आर्म कंपनीने २०१८ साली जाहीर केलेल्या योजनेत स्मृतीच्या दर १६ बाइटांना चार बिटांची खूण देऊन ती पत्त्यातील खुणेशी ताडून पाहिली जाते. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ मध्ये ती ऐच्छिक स्वरूपात दिली. २०२५ साली ॲपलने आयफोन १७ मध्ये याच तत्त्वावरील संरक्षण कायम चालू ठेवले. ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु चार बिटांच्या सोळाच खुणा होतात, म्हणून आंधळेपणाने मारलेला दगडही सोळांत एकदा लागू शकतो. आणि ज्या फोनांत हे संरक्षण प्रथम आले ते किमती फोन आहेत. शिधापत्रिकेची पडताळणी करणाऱ्या यंत्राला आणि शेतमजुराच्या फोनला ते केव्हा मिळणार?

अधिकारपत्राचे पुनरुज्जीवन

२०१० सालापासून केंब्रिज विद्यापीठ आणि अमेरिकेतील एसआरआय ही संशोधन संस्था यांनी ‘चेरी’ या नावाने जुन्या विचाराला नवे रूप दिले आहे. येथे ६४ बिटांच्या उघड्या पत्त्याऐवजी १२८ बिटांचे अधिकारपत्र असते. त्यात पत्ता, जागेच्या दोन्ही सीमा आणि परवानग्या, म्हणजे वाचावे की लिहावे की आज्ञा म्हणून पाळावे, हे सारे एकत्र नोंदलेले असते. शिवाय प्रत्येक अधिकारपत्रामागे एक बिटाची खूण असते. साध्या आज्ञांना ती दिसतही नाही आणि उमटवताही येत नाही. सामान्य मजकूर लिहिण्याच्या आज्ञेने अधिकारपत्राचे एक अक्षर जरी बदलले, तरी यंत्र ती खूण पुसून टाकते आणि तो कागद रद्दी होतो. अधिकारपत्रावरून दुसरे काढता येते, पण ते मूळच्याहून अरुंदच असावे लागते. आपल्या नावावर दोन एकर असताना तीन एकरांचे खत करून देता येत नाही, तसेच हे. ‘ध चा मा’ केलेला परतीचा पत्ता अशा यंत्रावर बिनशिक्क्याचा कागद ठरतो आणि आज्ञावली तेथेच थांबते.

हे नुसते कागदावर राहिलेले नाही. आर्मने ‘मोरेलो’ नावाची प्रायोगिक चिप बनवून जानेवारी २०२२ मध्ये संशोधकांच्या हाती दिली. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा विभागाने २०२० साली केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, २०१९ मध्ये त्यांच्याकडे आलेल्या स्मृतिदोषांपैकी किमान दोन तृतीयांश दोष या रचनेने, पूर्ण स्वरूपात वापरल्यास, निश्चितपणे निष्प्रभ झाले असते.

आक्षेप आहेत, आणि त्यांचा विचार केला पाहिजे. अधिकारपत्र दुप्पट जागा घेते, म्हणून स्मृती आणि काही प्रमाणात वेग खर्ची पडतो. परत केलेल्या जागेचे जुने अधिकारपत्र कोणाच्या हाती राहू नये, म्हणून स्मृती वेळोवेळी धुंडाळावी लागते. आज्ञावलीच्या तर्कातच चूक असेल तर कोणतेही अधिकारपत्र वाचवू शकत नाही. आणि जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘स्पेक्टर’ व ‘मेल्टडाउन’ या दोषांनी दाखवले की, आज्ञासंच कागदावर कितीही नेटका असला, तरी प्रोसेसर वेगासाठी आतल्या आत जी आगाऊ कामे करतो, त्यांतून गुपिते पाझरू शकतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ‘रस्ट’सारख्या सुरक्षित भाषांत आज्ञावल्या लिहिल्या तर यंत्र बदलण्याची गरजच काय? लिनक्सनेही डिसेंबर २०२२ मध्ये रस्टला प्रवेश दिला. नवे काम सुरक्षित भाषेत व्हावे, याबद्दल दुमत नाही. पण सी आणि तिच्या वंशातील भाषांत अर्धशतकात साठलेला आज्ञावल्यांचा डोंगर कोण, किती वर्षांत, कोणाच्या खर्चाने पुन्हा लिहिणार? चेरीसारख्या यंत्रावर त्यातील बराचसा भाग थोड्या फेरफारांनी पुन्हा भाषांतरित करून चालवता येतो, असा संशोधकांचा अनुभव आहे. भाषा नव्या घराला पाया देते. जुन्या चाळीला आधार यंत्रालाच द्यावा लागतो.

भारतापुढील निर्णय

हा प्रश्न आज भारतासाठी निकडीचा आहे, कारण आज्ञासंच निवडण्याची संधी देशाला क्वचित मिळते आणि आता ती मिळालेली आहे. २०१० साली बर्कली विद्यापीठात जन्मलेला ‘रिस्क-फाइव्ह’ हा आज्ञासंच कोणालाही परवाना-शुल्काविना वापरता येतो. मद्रास आयआयटीने त्यावर ‘शक्ती’ हे प्रोसेसर घडवले. २०१८ साली त्यांच्या चिप तयार होऊन आल्या, एक अमेरिकेतील इंटेलच्या कारखान्यातून आणि दुसरी मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेतून. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘वेगा’ ही मालिका विकसित केली. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने या प्रयत्नांसाठी ‘डीर-व्ही’ कार्यक्रम जाहीर केला. हे सारे सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले काम आहे आणि त्याचा अभिमान रास्त आहे.

मात्र येथे एक भ्रम दूर ठेवला पाहिजे. मुक्त म्हणजे सुरक्षित नव्हे. रिस्क-फाइव्हच्या मूळ आज्ञासंचातही पत्ता ही उघडी संख्याच आहे. शेतांना बांध तेथेही नाहीत. परकीय मक्तेदारीचा परवाना गेला, पण १९७८ ची वहिवाट तशीच राहिली, तर स्वदेशी चिपवर परदेशी हेरगिरीचे साधन तितक्याच सहजतेने उतरेल. मुक्ततेचे खरे मोल असे की, येथे आज्ञासंचात भर घालण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. मद्रास आयआयटीच्याच संशोधकांनी २०१९ साली सी भाषेतील आज्ञावल्यांच्या स्मृतिसुरक्षेसाठी शक्ती प्रोसेसरमध्ये नव्या आज्ञांची जोड देऊन दाखवली. रिस्क-फाइव्हसाठी चेरीची रचनाही जगासमोर खुली आहे. ज्ञान आहे, माणसे आहेत; निर्णय हवा.

तो निर्णय अभियंत्यांच्या बैठकीपुरता ठेवून चालणार नाही. सार्वजनिक पैशातून घडणाऱ्या प्रत्येक प्रोसेसरच्या स्मृतिसंरक्षणाचे स्वरूप प्रसिद्ध केले जावे. सरकारी बँका, विमा, रेल्वे, वीजमंडळे आणि शिधावाटप यांच्यासाठी यंत्रांची खरेदी करताना किंमत व वेग यांच्या जोडीला ‘हे यंत्र मर्यादा स्वतः तपासते काय?’ हा रकाना निविदेत असावा, आणि ठरावीक मुदतीनंतर नकारार्थी उत्तर देणारा पुरवठादार अपात्र ठरावा. थोडा वेग गेला तर जाऊ द्यावा. ज्या हिशेबात चोरीला गेलेल्या माहितीची, बंद पडलेल्या रुग्णालयाची आणि पाळत ठेवल्या गेलेल्या वकिलाची किंमत शून्य धरली जाते, त्या हिशेबातला वेग हा उसना वेग असतो.

बँक, विमा आणि दूरसंचार क्षेत्रांतील संघटनांपुढे संगणकाचा प्रश्न चार दशकांपूर्वी आला तो नोकऱ्यांचा प्रश्न म्हणून, आणि १९८३ च्या बँक करारासारख्या वाटाघाटींतून त्यांनी त्याला तोंड दिले. आज त्याच टेबलावर आणखी एक कागद ठेवण्याची वेळ आली आहे. माहिती फुटली की खिडकीवरचा कारकून आणि कंत्राटी प्रोग्रॅमर यांच्यावर बोट रोखले जाते. त्यांच्या हाती दिलेले यंत्र कोणत्या आज्ञासंचावर चालते आणि त्याला मर्यादा कळतात की नाही, हे विचारण्याचा अधिकार त्यांनी मागून घ्यावा. व्यवस्थापनाशी होणाऱ्या पुढच्या वाटाघाटींत हा प्रश्न लेखी द्यावा आणि त्याचे उत्तरही लेखी घ्यावे.